न विचारलेली माणसे

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

सामान्य माणसाने मनात आणले तर काय घडू शकते, या आशयाचे लेख वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून सातत्याने येतात आणि आपले दैनिकही त्याला अपवाद नाही. असे लेख मी आवडीने वाचते आणि त्यांतील माणसांविषयी मला आदरही वाटतो. मात्र लेख संपल्यावर दर वेळी काहीतरी राहून गेल्यासारखे वाटते. त्या व्यक्तीची जिद्द, तिचा त्याग, तिचे झपाटलेपण यांचे वर्णन भरपूर असते. पण तिने दुसऱ्या माणसाकडे नेमके काय मागितले, कोणत्या शब्दांत मागितले आणि पहिल्याने नकार दिल्यावर ती कोणाकडे गेली, याविषयी लेखात चकार शब्द नसतो. वाचकाला कौतुक वाटते आणि पान उलटले जाते. सामान्य माणसांच्या हातून होणारा बदल बहुतांशी एका साध्या व्यवहारातून सुरू होतो, असे माझे मत आहे: कोणीतरी ओळखीच्या माणसाकडे जातो, समोरासमोर बसून एक ठरावीक आणि आवाक्यातली गोष्ट करण्याची विनंती करतो आणि मग समोरच्याचे म्हणणे ऐकून घेतो. या मताला भक्कम म्हणावा असा आधार आहे आणि तो मांडताना पत्र लांबले आहे, याची मला जाणीव आहे.

अमेरिकेतील माँटगोमेरी शहरातल्या बस बहिष्काराचे उदाहरण आधी घेते, कारण ते सर्वांत जास्त सांगितले जाते आणि तितकेच अर्धवट सांगितले जाते. १ डिसेंबर १९५५ रोजी रोझा पार्क्स या शिवणकाम करणाऱ्या कृष्णवर्णीय स्त्रीने गोऱ्या प्रवाशासाठी बसमधील जागा सोडण्यास नकार दिला, तिला अटक झाली आणि सारे शहर पेटून उठले, असे आपण ऐकत आलो आहोत. प्रत्यक्षात त्याच वर्षीच्या मार्च महिन्यात क्लॉडेट कोल्विन या पंधरा वर्षांच्या मुलीला त्याच शहरात त्याच कारणावरून अटक झाली होती आणि तेव्हा शहर पेटले नव्हते. पार्क्स याही एका संध्याकाळी अचानक जाग्या झालेल्या बाई नव्हत्या. नागरी हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेचे सचिवपद त्यांनी अनेक वर्षे सांभाळले होते आणि त्याच उन्हाळ्यात टेनेसी राज्यातील हायलँडर या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देणाऱ्या लोकशाळेतील कार्यशाळेला त्या जाऊन आल्या होत्या. शहरातील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या विमेन्स पोलिटिकल कौन्सिल या संघटनेच्या मनात तर बहिष्काराचा विचार आधीपासून होता. तिच्या अध्यक्ष जो ॲन रॉबिन्सन यांनी मे १९५४ मध्येच महापौरांना पत्र पाठवले होते आणि बसमधील वागणूक सुधारली नाही तर लोक बसने जाणे बंद करण्याच्या विचारात आहेत, असे सभ्य शब्दांत कळवले होते.

पार्क्स यांच्या अटकेची बातमी कळल्यावर रॉबिन्सन यांनी जे केले, तोच मला या प्रकरणाचा गाभा वाटतो. त्या शहरातील एका महाविद्यालयात इंग्रजी शिकवत असत. त्या रात्री एक सहकारी आणि दोन विद्यार्थी यांना सोबत घेऊन त्यांनी महाविद्यालयातल्या सायक्लोस्टाइल यंत्रावर हजारो पत्रके काढली आणि दुसऱ्या दिवशी शाळा, दुकाने, केशकर्तनालये अशा ठिकाणी ओळखीच्या माणसांमार्फत ती पोहोचवली. पत्रकात समतेवरचे व्याख्यान नव्हते. आणखी एका स्त्रीला अटक झाली आहे, पुढच्या वेळी ही पाळी तुमच्यावर, तुमच्या मुलीवर किंवा आईवर येऊ शकते, सोमवारी या स्त्रीचा खटला आहे, म्हणून त्या दिवशी बसमध्ये चढू नका. कामाला जायचे असेल तर टॅक्सीने जा किंवा चालत जा, असा साधारण मजकूर होता. मागणे एका दिवसाचे होते. ५ डिसेंबरच्या सोमवारी कृष्णवर्णीय वस्त्यांतून बस जवळजवळ रिकाम्या धावल्या, त्या रिकाम्या बस लोकांनी आपल्या डोळ्यांनी पाहिल्या आणि त्याच संध्याकाळच्या सभेत बहिष्कार पुढे चालू ठेवण्याचा निर्णय झाला. तो ३८१ दिवस चालला. मार्टिन ल्यूथर किंग या तरुण धर्मगुरूचे वक्तृत्व जगाला कळू लागले ते या सभेपासून. परंतु सभेच्या आधी सोमवार होता आणि सोमवारच्या आधी ते पत्रक होते, हा क्रम आपण विसरतो.

पुढचे वर्षभर लोकांना कामावर नेण्या-आणण्यासाठी खासगी मोटारींची व्यवस्था चालवावी लागली आणि तिला पैसा लागला. जॉर्जिया गिलमोर या स्वयंपाकाचे काम करणाऱ्या बाईंनी आपल्यासारख्याच स्त्रियांना गोळा केले. त्या घरी केलेले पदार्थ विकत आणि मिळालेली रक्कम सभेत आणून देत. गोऱ्या मालकांना कळले तर नोकरी जाईल, या भीतीमुळे मदत करणाऱ्यांची नावे बाहेर पडू दिली जात नव्हती. चळवळीविषयी सहानुभूती असलेल्या पण उघडपणे काही करू न शकणाऱ्या माणसाला गिलमोर यांनी त्याला झेपेल असे काम शोधून दिले. माणसाला प्रेरित करणे म्हणजे काय, हे मला कोणत्याही व्याख्यानापेक्षा यातून अधिक नीट समजते.

त्याच लढ्याच्या पुढच्या टप्प्यावरचा एक अभ्यासही येथे सांगण्याजोगा आहे. १९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपी राज्यातील कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करण्यासाठी मुख्यतः उत्तरेकडील विद्यार्थ्यांनी तेथे जाऊन राहायचे ठरले होते. जिवाला धोका होता आणि मोहिमेच्या सुरुवातीलाच तीन कार्यकर्त्यांचे खून झाले. निवड झालेल्या अर्जदारांपैकी बरेच जण गेले, काही मात्र आयत्या वेळी मागे फिरले. समाजशास्त्रज्ञ डग मॅकॲडम यांनी पुढे दोन्ही गटांचे मूळ अर्ज मिळवून त्यांची तुलना केली. तत्त्वांवरची निष्ठा हा दोघांतला फरक असेल, अशी कोणाचीही अपेक्षा असेल. पण अर्जात आदर्शांविषयी दोन्ही गटांनी सारख्याच कळकळीने लिहिले होते. फरक निघाला तो नात्यांत. जे गेले, त्यांचे जवळचे मित्रही त्या मोहिमेत होते किंवा अशा कामात आधीपासून होते. जे मागे राहिले, त्यांना असा आधार कमी होता. निश्चय डगमगू लागला असता तो सावरून धरायला शेजारी कोणी असणे, यालाच आपण पुढे ‘धैर्य’ म्हणतो की काय, अशी मला कधीकधी शंका येते.

सार्वजनिक कामात लोक का पडत नाहीत, याचा अमेरिकेतील सिडनी व्हर्बा आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी मोठ्या पाहणीच्या आधारे अभ्यास केला आणि १९९५ मध्ये तीन कारणे मांडली. लोकांना ते जमण्यासारखे नसते, किंवा त्यांना ते करायचे नसते, किंवा त्यांना कोणी विचारलेलेच नसते. पहिल्या दोन कारणांवर आपण तावातावाने बोलतो. गरिबी, वेळेचा अभाव, उदासीनता, स्वार्थ हे सगळे आपल्या चर्चांत असते. तिसरे कारण इतके साधे आहे की त्यावर अग्रलेख लिहावा असे कोणाला वाटत नाही. पण पहिली दोन कारणे दूर करणे एकट्यादुकट्याच्या हातात फारसे नसते आणि तिसरे पूर्णपणे असते.

मग आपण विचारत का नाही? नकाराची भीती हे त्याचे सरळ उत्तर आहे आणि ती भीती प्रमाणाबाहेर असते, हे प्रयोगांनी दाखवले आहे. फ्रँक फ्लिन आणि व्हेनेसा बोन्स यांनी २००८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत सहभागी व्यक्तींना अनोळखी लोकांकडे जाऊन प्रश्नावली भरून घेणे, वापरण्यासाठी फोन मागणे अशी लहानसहान कामे करायला सांगितले होते आणि आपल्याला किती जणांना विचारावे लागेल, याचा अंदाज त्यांच्याकडून आधी घेतला होता. काही कामांत हा अंदाज प्रत्यक्षाच्या जवळजवळ दुप्पट निघाला. समोरच्याला नाही म्हणणे किती अवघड जाते, हे मागणाऱ्याच्या लक्षात येत नाही. बोन्स यांनी एका सहकाऱ्यासह २०१७ मध्ये मांडलेल्या दुसऱ्या अभ्यासात समोर जाऊन केलेली विनंती ईमेलवरील विनंतीच्या ३४ पट परिणामकारक ठरली, तर विनंती करणाऱ्यांना दोन्ही मार्ग सारखेच परिणामकारक वाटले होते. हा आकडा त्या प्रयोगापुरता आहे आणि सर्वत्र तोच लागू होईल असे मी म्हणणार नाही. तरीही एखादे आवाहन शंभर जणांच्या व्हॉट्सॲप गटात टाकून आपण आपले कर्तव्य केले, असे मानणाऱ्या आपल्या सर्वांना त्याने थोडे अस्वस्थ करायला हरकत नाही. गटात टाकलेले आवाहन सर्वांना उद्देशून असते आणि म्हणूनच ते आपल्यासाठी आहे असे कोणालाच वाटत नाही. तेच वाक्य एका माणसाला नावाने हाक मारून म्हटले की त्याला हो किंवा नाही म्हणावे लागते.

विचारण्याइतकेच महत्त्व कसे बोलावे याला आहे आणि या बाबतीत व्याख्यानांवरील आपली श्रद्धा मला नेहमीच अनाकलनीय वाटत आली आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेत चांगले मांस सैन्याकडे जात असल्याने गृहिणींनी प्राण्यांचे हृदय, मूत्रपिंड असे सहसा टाळले जाणारे भाग वापरावेत, असा सरकारी प्रयत्न होता. मानसशास्त्रज्ञ कर्ट लेविन यांनी स्त्रियांच्या काही गटांना या विषयावर माहितीपूर्ण आणि आकर्षक व्याख्यान ऐकवले. बाकीच्या गटांत त्याच वेळात ‘आपल्यासारख्या गृहिणींना यात काय अडचणी येतात’ यावर चर्चा घडवली आणि शेवटी कोण करून पाहणार, हे हात वर करून विचारले. नंतर चौकशी केली तेव्हा व्याख्यान ऐकलेल्यांपैकी अवघ्या ३ टक्के स्त्रियांनी आणि चर्चेत भाग घेतलेल्यांपैकी ३२ टक्के स्त्रियांनी तसा पदार्थ प्रत्यक्ष करून पाहिला होता. चर्चेचा परिणाम किती, निर्णय घ्यायला लावण्याचा किती आणि चारचौघींत हात वर करण्याचा किती, यावर पुढे संशोधकांत बराच वाद झाला आणि तो योग्यही होता. पण यांपैकी कोणतीही गोष्ट व्याख्यानात नसते. व्याख्यानात अडचणी वक्ता सांगतो आणि त्यांची उत्तरेही तोच देतो. श्रोत्याची स्वतःची अडचण, जी बहुधा क्षुल्लक आणि सांगायला संकोचाची असते, ती त्याच्याबरोबर घरी परत जाते.

आयोवा राज्यातील शेतकऱ्यांनी संकरित मक्याचे बियाणे कसे स्वीकारले, याचा ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यासही याच दिशेने बोट दाखवतो. नव्या बियाण्याची पहिली माहिती बहुतेकांना विक्रेत्यांकडून मिळाली, परंतु ते पेरण्याचा निर्णय झाला तो प्रामुख्याने शेजारच्या शेतकऱ्याच्या अनुभवावर. बियाणे सरळसरळ फायद्याचे असूनही बहुतेकांनी आधी थोड्याच जमिनीत लावून पाहिले. माहिती दूरवरून येऊ शकते; भरवसा मात्र जवळच्या माणसाकडूनच यावा लागतो.

ऐकून घेण्याविषयी जरा सविस्तर लिहायला हवे, कारण संवाद म्हणजे प्रभावी बोलणे, असा एक समज व्यक्तिमत्त्व विकासाच्या वर्गांनी आपल्याकडे घट्ट रुजवला आहे. दारूच्या आहारी गेलेल्यांवर उपचार करणारे मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी १९८३ मध्ये एक वेगळी पद्धत मांडली. त्या काळी रुग्णाला त्याच्या व्यसनाची कठोर शब्दांत जाणीव करून देणे हीच उपचाराची रूढ रीत होती. मिलर यांच्या पाहण्यात असे आले की, समुपदेशक जितका जोर लावून पटवू जातो तितका रुग्ण उलट बाजूची वकिली करू लागतो आणि ती वकिली करता करता स्वतःलाच पटवून बसतो. पुढे १९९३ मधील अभ्यासात समुपदेशकाने जितके तोंडावर दोष दाखवले, तितके त्या रुग्णाचे वर्षभरानंतरचे पिणे अधिक आढळले. मिलर यांनी भूमिका उलटी केली. बदलाची कारणे रुग्णाने सांगायची आणि समुपदेशकाने प्रश्न विचारायचे, ऐकायचे, ऐकलेले परत म्हणून दाखवायचे. आज ही पद्धत व्यसनमुक्तीपलीकडे अनेक आजारांच्या उपचारांत वापरली जाते. घरातल्या माणसाला तंबाखू सोडायला लावू पाहणाऱ्या कोणालाही यातील पहिला अर्धा भाग, म्हणजे आपण जितके सांगू तितके तो हट्टाला पेटतो हा, पुरेपूर परिचित असेल.

हे काम पदवीधर तज्ज्ञांनीच करावे असेही नाही. झिम्बाब्वेमध्ये मनोविकारतज्ज्ञ हाताच्या बोटांवर मोजण्याइतके होते, तेव्हा डिक्सन चिबांडा या मनोविकारतज्ज्ञाने २००६ मध्ये राजधानी हरारे येथे आरोग्य केंद्रांशी जोडलेल्या वयस्कर स्त्रियांना, म्हणजे शब्दशः आजीबाईंना, प्रशिक्षण देऊन केंद्राच्या आवारातील लाकडी बाकावर बसवले. निराशेने ग्रासलेला माणूस येऊन आजींशी बोलतो, आजी आधी सगळे ऐकून घेतात, मग त्याच्या अडचणींपैकी एक त्यालाच निवडायला सांगतात आणि तिच्यावर तो स्वतः टाकू शकेल असे एखादे पाऊल त्याच्याकडूनच वदवून घेतात. ‘फ्रेंडशिप बेंच’ या नावाने हा उपक्रम ओळखला जातो. चोवीस केंद्रांतील ५७३ रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१६ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. सहा महिन्यांनंतर आजींशी बोललेल्या रुग्णांची लक्षणे नेहमीचे उपचार मिळालेल्यांपेक्षा स्पष्टपणे कमी होती. या आजींजवळ वक्तृत्व नव्हते. वस्तीत त्यांना ओळखणारी माणसे होती, बसायला वेळ होता आणि काय विचारायचे याचे शिक्षण त्यांना मिळालेले होते. हा शेवटचा भाग महत्त्वाचा आहे, त्याकडे मी परत येणार आहे.

चांगल्या हेतूने बोलूनही नुकसान कसे होते, हेही सांगायला हवे. यात वृत्तपत्रांचाही वाटा आहे, असे मी नम्रपणे नमूद करते. ॲरिझोना राज्यातील पेट्रिफाइड फॉरेस्ट या राष्ट्रीय उद्यानात अश्मीभूत लाकडाचे तुकडे पर्यटक उचलून नेतात. रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथे दोन प्रकारचे फलक लावून पाहिले. ‘आजवर अनेक पर्यटकांनी लाकूड नेल्यामुळे उद्यानाचे स्वरूप बदलले आहे’ अशा अर्थाचा फलक होता तेव्हा खुणा करून ठेवलेल्या तुकड्यांपैकी जवळपास ८ टक्के चोरीला गेले. ‘कृपया लाकूड नेऊ नका’ एवढेच सांगणारा फलक होता तेव्हा हे प्रमाण २ टक्क्यांच्या आत राहिले. ‘सगळेच असे करतात’ ही तक्रार ऐकणाऱ्याच्या कानावर परवानगी म्हणून पडते. लोक नियम पाळत नाहीत, मतदानाला जात नाहीत, कोणाला कशाचे काही पडलेले नाही, हे आपण सार्वजनिक ठिकाणी इतके उगाळतो की, नियम पाळणारा माणूस स्वतःला एकटा आणि थोडा वेडगळ समजू लागतो. वास्तव लपवावे असे माझे म्हणणे नाही. पण जेथे दहांपैकी सात जण योग्य वागत असतील, तेथे बातमीचा मथळा तीन जणांचा असावा आणि सात जणांचा उल्लेखही नसावा, हे मला सत्याच्या दृष्टीनेही अपुरे वाटते.

या संदर्भात एकट्या पडलेल्या माणसाचे काय होते, ते मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांच्या १९५० च्या दशकातील प्रयोगांतून कळते. रेषांची लांबी ओळखण्याच्या अगदी सोप्या प्रश्नावर खोलीतील बाकीच्या सर्वांनी, ते आधीच फितवलेले असल्याने, चुकीचे उत्तर दिले की खऱ्या सहभागी व्यक्तीही सुमारे एक तृतीयांश वेळा तेच चुकीचे उत्तर देत. परंतु त्या खोलीत खरे उत्तर देणारा आणखी एक जण ठेवला की ही शरणागती आधीच्या सुमारे एक चतुर्थांशच उरे. पहिला बोलणारा नेहमीच धाडसी म्हणून वाखाणला जातो. दुसरा बोलणारा कमी धाडसी असला तरी चालतो आणि त्याच्यावाचून पहिल्याचे धाडस बहुधा वाया जाते. ज्यांना पुढे होऊन काही सुरू करणे स्वभावतःच जमत नाही, अशांसाठी ही दुसरी जागा नेहमी रिकामी असते.

आपल्या देशातले एक उदाहरण या सर्वांना एकत्र आणते. राजस्थानात १९९० मध्ये स्थापन झालेल्या मजदूर किसान शक्ती संघटनेसमोर प्रश्न होता तो सरकारी कामांवरील मजुरांना किमान वेतन न मिळण्याचा. मजुरांना सांगितले जाई की कागदांवर तुमचे काम कमी नोंदले आहे, आणि कागद दाखवले जात नसत. डिसेंबर १९९४ मध्ये पाली जिल्ह्यातील कोट किराना येथे संघटनेने पहिली जनसुनावणी घेतली. तेथे भ्रष्टाचाराच्या विरोधात आवेशपूर्ण भाषणे करून लोकांना पेटवण्याचा मार्ग उपलब्ध होताच. त्याऐवजी हजेरीपट आणि बिले गावासमोर मोठ्याने वाचली गेली. नाव वाचायचे आणि त्या माणसाला विचारायचे की तू या कामावर होतास का, तुला इतके पैसे मिळाले का. ज्याला लिहिता-वाचता येत नव्हते, तोही आपल्याच नावापुढचा खोटा आकडा ऐकून उभा राहून बोलू शकत होता, कारण त्या एका गोष्टीत त्याच्यापेक्षा मोठा जाणकार कोणी नव्हता. १९९६ मध्ये ब्यावर येथे चाळीस दिवस धरणे झाले, २००० मध्ये राजस्थानचा माहिती अधिकाराचा कायदा झाला आणि २००५ मध्ये देशाचा. कायदा घडण्यात वकील, पत्रकार, माजी अधिकारी अशा अनेकांचा हातभार होता आणि संघटनेच्या संस्थापकांपैकी अरुणा रॉय या स्वतः प्रशासकीय सेवेतून राजीनामा देऊन आल्या होत्या, हे खरे आहे. पण कायद्याची मागणी जेथून निघाली तो प्रश्न मजुराचा होता आणि तो त्याला समजेल अशा रीतीने त्यालाच विचारला गेला होता.

येथवर वाचून कोणी असा निष्कर्ष काढेल की, सामान्य माणसांनी आपसांत नीट संवाद साधला म्हणजे शासनाने आणि संस्थांनी काही करण्याची गरज नाही, तर तो माझ्यावर अन्याय होईल. अलीकडे ‘लोकसहभाग’ हा शब्द ऐकला की मी थोडी सावध होते, कारण ज्यासाठी पगारी माणसे नेमायला हवीत ते काम प्रेरणेच्या नावाखाली फुकटात करून घेण्याची एक सोय त्यात असते. झिम्बाब्वेतील आजींचा उपक्रम टिकला, कारण त्यामागे प्रशिक्षण होते, देखरेख होती आणि गंभीर रुग्णाला पुढे पाठवण्याची सोय होती. माँटगोमेरीतील बहिष्कारानेही एकट्याने कायदा बदलला नाही. त्यासाठी चार कृष्णवर्णीय स्त्रियांनी, ज्यांत ती पंधरा वर्षांची कोल्विनही होती, बसमधील वर्णभेदाच्या कायद्याविरुद्ध न्यायालयात दावा चालवला आणि नोव्हेंबर १९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूचा निकाल कायम केला. शिवाय अफवा आणि द्वेषही याच वाटेने, ओळखीच्या माणसाकडून ओळखीच्या माणसाकडे, याच भरवशावर पसरतात. म्हणून जवळच्या माणसाने सांगितलेली गोष्ट तपासून घेण्याची सवय आणि जवळच्या माणसाला विनंती करण्याची सवय या दोन्ही बरोबरच लागाव्या लागतात.

आता आपल्या दैनिकाकडे एक विनंती करते. विचारल्यावाचून काही होत नाही, असे एवढे लिहिल्यावर ती न करणे विसंगत ठरेल. आपण सामान्य माणसांच्या कर्तृत्वावर जे लेख छापता, त्यांच्या वार्ताहरांनी त्या व्यक्तीला तिच्या प्रेरणास्थानाविषयी विचारण्याआधी आणखी काही प्रश्न विचारावेत. आपण सर्वांत आधी कोणाशी बोललात? त्यांच्याकडे नेमके काय मागितले? कोण नाही म्हणाले आणि कोणत्या कारणाने? त्या कारणावरून आपण मागणे बदलले का? आपल्यानंतरचा दुसरा माणूस कोण आणि त्याला आपण बोलावले की तो आपणहून आला? खर्च कोठून आला आणि हिशेब कोणी ठेवला? या प्रश्नांची उत्तरे छापायला जागा लागेल हे मला समजते. त्यासाठी लेखासोबतचे मोठे छायाचित्र थोडे लहान करता येईल, आणि छायाचित्रात शक्य असल्यास त्या दुसऱ्या माणसालाही घ्यावे.

आपली विश्वासू,
एक नियमित वाचक